बाजूची सीट

सणसवाडीहून आम्ही दोघं बोलतोय, नवरा आणि बायको. माइकसमोर आवाज एकीचाच आहे, पण कागदावरचं बोलणं दोघांनी शेजारी बसून लिहिलंय. लिहिताना दोनदा भांडण झालं आणि एकदा चहा उतू गेला. म्हणून आज 'मी' नाही, 'आम्ही'च म्हणणार आहोत. जिथं दोघांचं वेगवेगळं सांगायची वेळ येईल, तिथं एकाला कारभारी म्हणू आणि एकीला कारभारीण.

रेडिओच्या ताई म्हणाल्या होत्या, "परदेशात गाडीनं फिरून आलात, तिथली गंमत सांगा." गंमत सांगूच. पण त्या गमतीत एक खोटं मिसळलं होतं. गावात ते सहा महिने फिरत होतं. तेही आज सांगून टाकायचं ठरवलंय.

आधी आमची ओळख. कारभाऱ्यांनी सत्तावीस वर्षं टेंपो चालवला. इथल्या कारखान्यांतला माल पुण्याला पोचवायचा आणि रात्री परत यायचं. कारभारणीकडे दोन गाई आणि बचत गटाचं रजिस्टर. लग्नाला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत दोघांनी मिळून केलेले प्रवास म्हणजे लग्नानंतरची जेजुरी, एकदा पंढरपूर, आणि संकष्टीला रांजणगावचा गणपती. प्रत्येक वेळी बरोबर कुणी ना कुणी होतंच. सासूबाई, मुलं, भाचरं, शेजारच्या काकू. दोघंच असे कधी गेलो नव्हतो.

थोरली लेक आणि जावई नोकरीसाठी स्वीडनला असतात, गोथेनबर्ग नावाच्या शहरात. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क या तीन देशांना मिळून स्कँडिनेव्हिया म्हणतात. लेकीचं बाळंतपण करायला आम्ही निघालो. पिशवीत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, झबली-टोपडी आणि आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. व्हिसा नव्वद दिवसांचा.

निघायच्या आधी लेकीचा फोन आला, "येताना दोघांचाही गाडीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा." आपल्याकडे पक्का परवाना असला, तर तो आरटीओ कचेरीतून एक वर्षासाठी मिळतो. कारभाऱ्यांचं ठीक होतं. पण कारभारणीचाही परवाना होता, हे आम्ही जवळजवळ विसरलो होतो. तीन वर्षांपूर्वी लेकीच्या हट्टापायी तिनं क्लास लावला, परीक्षा दिली आणि चारचाकीचा परवाना काढला. त्या दिवशी पेढे वाटले. मग तो परवाना कपाटात साड्यांच्या घडीखाली गेला. गाडी दारात होती, पण "रस्त्याला ट्रकांची गर्दी आहे", "लोक काय म्हणतील", "मी आहे ना" असं म्हणत तिच्या हातात किल्ली कधी आलीच नाही. कारभारी म्हणाले, "हिचा कशाला? उगाच पैसे." तरी एकाच खेपेत दोन्ही काढले.

गोथेनबर्गला पोचल्यावर पहिलं नवल वाटलं ते जावयाचं. बाळाचे लंगोट तोच बदलायचा आणि रात्री खांद्यावर घेऊन फिरायचाही तोच. आम्हाला वाटलं, नोकरी गेली की काय! मग कळलं, तिथं एका बाळामागे आईबापांना मिळून ४८० दिवसांची पगारी रजा असते. त्यातले ९० दिवस बापाचे आणि ९० दिवस आईचे राखीव, ते एकमेकांना देता येत नाहीत. बापानं रजा घेतली नाही, तर ते दिवस बुडाले. आईबाप दोघांनाही रजा मिळायचा हा कायदा १९७४ सालापासूनचा. कारभारी दोन दिवस जावयाकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी नातीला मांडीवर घेऊन त्यांनीच तेल लावलं. आपल्या लेकीला त्यांनी असं कधी घेतलं नव्हतं, हे त्यांनीच कबूल केलं.

जूनमध्ये तिथं मोठा सण असतो. आपली वटपौर्णिमा येते साधारण त्याच दिवसांत. पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभा करतात आणि लहानथोर हात धरून त्याच्याभोवती नाचतात. बाया डोक्यावर रानफुलांचा गोल माळतात. मुली रात्री उशीखाली सात प्रकारची फुलं ठेवून झोपतात, म्हणजे होणारा नवरा स्वप्नात दिसतो म्हणे. सूर्य रात्री दहापर्यंत मावळत नाही. सांजवात कधी लावायची, हा कारभारणीला रोजचा प्रश्न.

त्या सणानंतर लेक म्हणाली, "बाळ आता दोन महिन्यांचं झालं. आम्ही सांभाळतो. तुम्ही दोघं गाडी घेऊन नॉर्वेला जाऊन या." आम्ही म्हटलं, "दोघंच? कशाला?" ती म्हणाली, "दोघंच, म्हणूनच."

नऊ दिवसांचा बेत ठरला. तिकडं हॉटेल परवडत नाही. म्हणून स्वयंपाकाची सोय असलेली लाकडी खोपटं बघितली. पीठ, तांदूळ, लसणाची चटणी आणि तवा गाडीत टाकला. गोधडीही घेतली. नातीची दुसरी होती, ही आमची.

आता गाडीचं सांगतो. तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवतात आणि स्टिअरिंग डाव्या हाताला असतं. कारभारी पहिल्या दिवशी दार उघडून चुकीच्याच बाजूला बसले. पण जावयानं एक गोष्ट सांगितली. १९६७ सालापर्यंत स्वीडनचे लोकही आपल्यासारखे डाव्या बाजूनंच गाड्या चालवायचे. १९५५ साली सरकारनं लोकांचं मत घेतलं, तेव्हा बहुतेकांनी बदल नको म्हणून सांगितलं. तरी ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे पाचच्या आधी देशातल्या रस्त्यांवरच्या गाड्या थांबल्या, हळूच उजवीकडे सरकल्या आणि पाच वाजता नव्या बाजूनं चालू लागल्या. अख्ख्या देशानं एका पहाटेत सवय बदलली. कारभारणीनं ही गोष्ट मनात ठेवली. पुढं ती कामाला आली.

गोथेनबर्गहून ऑस्लो साधारण तीनशे किलोमीटर. मध्ये एक पूल लागतो, तिथं स्वीडन संपून नॉर्वे सुरू होतो. पोलिसांनी अडवलं नाही. पाटी दिसली, तेवढंच. दिवसाढवळ्या सगळ्या गाड्यांचे दिवे चालू असतात. झेब्रा पट्ट्याशी माणूस नुसता उभा राहिला, तरी गाडी थांबते. कारभाऱ्यांना पहिले दोन दिवस वाटायचं, समोरच्याची गाडी बंद पडली.

मैत्रिणींनो, डोंगर आणि बर्फ सांगायच्या आधी एक साधी गोष्ट सांगतो. वाटेत ठिकठिकाणी थांबायच्या जागा आहेत. लाकडी टेबल, बाक, कचऱ्याचा डबा आणि बाईला बिनघोर जाता येईल असं स्वच्छतागृह. आपण प्रवासाला निघताना काय करतो? सकाळपासून पाणी पीत नाही. तुम्हीही तेच करता, आम्हाला माहीत आहे. मग डोकं दुखतं, लघवीची जळजळ होते, आणि आपण म्हणतो, "मला प्रवास सोसत नाही." कारभारीण तीस वर्षं हेच म्हणायची. तिकडं तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की आपण सकाळपासून दोन तांबे पाणी प्यालोय आणि डोकं दुखत नाहीये. प्रवास सोसत नव्हता असं नाही, प्रवासात सोय नव्हती. ट्रकवाल्या-टेंपोवाल्यांना हे कधी कळलंच नाही, असं कारभाऱ्यांनी इथं लिहायला सांगितलंय.

ऑस्लोच्या वर लिलेहामर नावाचं गाव आहे. तिथल्या एका सुतारानं, थोर ब्योर्कलुंड त्याचं नाव, चीज कापायची एक किसणी काढली आणि १९२५ साली तिचा हक्क नोंदवला. सुताराचा रंधा असतो ना, लाकडाचा पातळ पापुद्रा काढणारा, त्यावरून त्याला ते सुचलं. आज तिथं घराघरांत ती किसणी आहे. आम्हीही एक आणली. कारभारीण तिच्यानं काकडी कापते.

त्याच्या पुढं गुडब्रान्सडाल नावाचं लांबच लांब खोरं आहे. तिथं एका शेतावरच्या खोपटात आम्ही दोन रात्री राहिलो. घराच्या छपरावर माती आणि तिच्यावर हिरवं गवत. आपली जुनी धाब्याची घरं आठवली. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. आम्हाला त्यांची भाषा येत नाही, त्यांना आमची नाही. पण त्यांनी दोरीवर टाकलेली गोधडी बघितली, जवळ आल्या आणि टाके बोटानं मोजायला लागल्या. मग आतून स्वतःचं विणकाम घेऊन आल्या. तासभर दोघी शेजारी बसल्या होत्या. काय बोलल्या ते देवाला माहीत.

त्यांनी पावावर तपकिरी चीज ठेवून दिलं. तोंडात घातलं आणि आम्ही एकमेकांकडं बघितलं. खवा! कढईला थोडा लागलेला, गोडसर, खमंग खवा. त्याची गोष्ट अशी. दुधाचं चीज काढलं, की मागं हिरवट पाणी उरतं. आपण पनीर करतो तेव्हा उरतं ना, तेच. तिथल्या बाया उन्हाळ्यात गाईशेळ्या घेऊन डोंगरावरच्या कुरणांत राहायच्या आणि ते पाणी तासन्‌तास आटवायच्या. १८६३ साली आन्ने होव नावाच्या एका गवळणीनं त्यात साय घालून बघितली. जे तयार झालं, ते चवीला आवडलं आणि त्याला भावही चांगला मिळाला. पुढं त्या चीजनं खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या हातात पैसा आला. १९३३ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, तिला राजाचं पदक मिळालं. सत्तर वर्षांनी!

आम्हाला वाटतं, त्या दिवशी कुणीतरी तिला म्हणालंच असेल, "चांगली साय वाया घालवलीस." आपल्याकडं काय वेगळं आहे? शिरूरच्या पट्ट्यात बैलगाडा शर्यतीचा नाद किती आहे, तुम्हाला सांगायला नको. बैलांवर खर्च होतो, त्याला आपण हौस म्हणतो, आणि ती हौस आम्हालाही प्यारी आहे. पण बाईनं एखादी वेल लावली, गोधडीला रंगीत ठिगळ जोडलं, मोबाइलवर नवा पदार्थ शिकला, की म्हणायचं, "हिला थेरं सुचतात." गड्याची ती हौस आणि बाईची ती थेरं. कारभाऱ्यांनी हा शब्द तीस वर्षांत किती वेळा वापरला, ते मोजायचं आम्ही टाळलं.

आता ती घाटाची गोष्ट.

लोम गावावरून डोंगर ओलांडला. जून संपत आला तरी रस्त्याच्या कडेला बर्फ होता. खाली गेइरांगेर नावाचं गाव आहे. समुद्राचं पाणी डोंगरांच्या मधून आत शिरलंय आणि त्याच्या टोकाला हे गाव. तिथून वर चढणाऱ्या वाटेला गरुडवाट म्हणतात. अकरा वळणं, एकेक केसातल्या आकड्यासारखं. १९५५ साली ही वाट झाली. त्याआधी हिवाळ्यात गावाला गाडीरस्ताच नसायचा.

कारभाऱ्यांनी ती वळणं चढवली. समोरून बसगाड्या उतरत होत्या. वरच्या वळणावर थांबलो. समोरच्या कड्यावरून सात धारा शेजारी शेजारी पडत होत्या. त्या धबधब्याचं नावच सात बहिणी. त्यांच्या समोरच्या कड्यावर एकटा एक धबधबा आहे, त्याला मागणी घालणारा नवरदेव म्हणतात. सातही जणी त्याला दाद देत नाहीत. कारभारणीनं आपसूक हात जोडले. आपल्या विहिरीवरच्या, नदीवरच्या साती आसरा तिला तिथं दिसल्या. पाण्यातल्या सात बहिणी इथंही आहेत आणि तिथंही.

ती मागं वळली, तर कारभारी कठड्याला धरून खाली बसलेले. हात थरथरत होते. तीन रात्री उजेडामुळं त्यांना झोप लागली नव्हती आणि ते त्यांनी सांगितलं नव्हतं. सत्तावीस वर्षं टेंपो चालवलेला माणूस म्हणाला, "आता मला झेपणार नाही."

पुढचा बोटीचा धक्का अजून बराच लांब होता. कारभारीण थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "किल्ली द्या."

ते म्हणाले, "तुला उजव्या बाजूनं चालवायची सवय नाही."

ती म्हणाली, "मला डाव्या बाजूचीही नाही. एका पहाटेत देश शिकला, मी एका दुपारी शिकते."

तिनं सीट पुढं ओढली, आरसा खाली केला. गाडी बिनगिअरची होती, ते एक बरं. पहिले पाच किलोमीटर ती इतकी हळू गेली, की मागं सात-आठ गाड्यांची रांग लागली. कुणी भोंगा वाजवला नाही. एक मोकळी जागा दिसली, तशी तिनं गाडी बाजूला घेतली आणि सगळ्यांना जाऊ दिलं. मग पुन्हा निघाली. धक्क्याला पोचल्यावर तिनं हात सोडले, तर तळव्यांवर स्टिअरिंगचे वळ होते. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

बाजूच्या सीटवर कारभारी होते. त्यांनी जागेवर बसल्याबसल्या किती वेळा ब्रेक दाबला, ते त्यांनाच माहीत. त्या दिवशी त्यांना कळलं, बाजूला बसून दुसऱ्याच्या हातावर भरवसा ठेवणं हे किती मोठं काम आहे. ते काम ती तीस वर्षं करत होती.

उरलेले दिवस अर्धी गाडी तिनं चालवली, अर्धी त्यांनी. डोंबोस गावावरून मोठ्या रस्त्याला लागून ऑस्लो आणि मग गोथेनबर्ग. लेकीच्या दारात गाडी लावली ती कारभारणीनं.

तिकडचं सगळंच सोनं, असं आम्ही म्हणणार नाही. शेजारी मान हलवतात आणि दार लावून घेतात. एकटी म्हातारी माणसं खिडकीत बसलेली दिसतात. हिवाळ्यात दुपारी साडेतीन-चारलाच अंधार पडतो म्हणे. नात रडली तर धावत येईल अशी एक काकू तिथं नाही. आम्हाला सणसवाडीच बरी. पण परत येताना बाई बदललेली असते, हेही खरं.

आणि आता ते खोटं. परत आल्यावर पारावर कुणीतरी विचारलं, "एवढे घाट कुणी चालवले?" कारभारी म्हणाले, "आणखी कोण? मीच." एक वाक्य. ते गावभर झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवात एक मैत्रीण कारभारणीला म्हणाली, "नशीब काढलंस बाई, बसून फिरून आलीस." कारभारीण काही बोलली नाही. वाण घेतलं आणि घरी आली.

आठवडाभरानं रेशनकार्ड शोधायला कारभाऱ्यांनी कपाट उघडलं. साड्यांच्या घडीखाली तिचा परवाना पुन्हा ठेवलेला होता, तीन वर्षं होता त्याच जागी. ते तिथंच पलंगावर बसून राहिले. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पारावर गेले आणि सांगितलं, "मी खोटं बोललो होतो. माझे हात थरथरले, गाडी हिनं आणली." एक जण हसला. दोघं गप्प बसले. आणि चौथ्यानं निघताना मागून येऊन हळूच विचारलं, "आमच्या हिला शिकवशील का?"

तेव्हापासून दर रविवारी सकाळी सातला मोकळ्या मैदानावर आमची जुनी गाडी उभी असते. आधी एक आली, आता पाच जणी येतात. पूर्वी शेतात इर्जिक घालायचे ना, एकमेकांच्या रानात कामाला जायचे, तसंच आहे. एक जण लेकरं बघते, एक चहा आणते आणि पेट्रोलचे पैसे वाटून घेतो. पण शिकणारीकडं आधी शिकाऊ परवाना हवा, ही आमची अट आहे. वय अठरा पूर्ण पाहिजे. तो परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवस झाले की पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. गाडीला पुढंमागं लाल अक्षरातली 'एल' पाटी आणि बाजूच्या सीटवर पक्का परवाना असलेला माणूस हवाच. बाजूच्या सीटवर कारभारी असतात. ब्रेक अजून दाबतात.

त्या तपकिरी चीजचं काय झालं, हेही सांगतो. कारभारणीनं पनीरचं पाच लिटर पाणी आटवून बघितलं. पहिल्यांदा करपलं. दुसऱ्यांदा वाटीभर निघालं, चव झकास, पण गॅसचा हिशेब केला तर गटाला परवडेना. मग ते पाणी आम्ही थालीपिठाच्या पिठात घालतो. थालीपीठ मऊ होतं. कारभारी दोन घास खाऊन म्हणाले, "हे बरं सुचलं तुला." थेरं म्हणाले नाहीत.

आणि एक काम अर्धं आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तुम्हाला माहीत आहे. पुढच्या सभेत आम्ही एसटीच्या थांब्याजवळ बायांसाठी स्वच्छतागृह मागणार आहोत. अर्ज लिहून झालाय, सह्या गोळा करतोय. तुमच्या गावातही मागा. पाणी पिऊन घराबाहेर पडता आलं पाहिजे, एवढीच मागणी आहे.

तुमच्या कपाटात साडीच्या घडीखाली काय ठेवलंय? परवाना असेल, शिवणाचं सर्टिफिकेट असेल, भजनाची वही असेल. आज घरी गेल्यावर ते बाहेर काढा. आणि ऐकणारे कारभारी असतील, तर त्यांना आमच्या कारभाऱ्यांचा निरोप आहे: किल्ली मागायची वेळ तिच्यावर आणू नका, आधीच द्या.

रविवारी सातला मैदानावर या. चहा असतो. नमस्कार.